कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा गाभा: वहिवाट, पुराव्याचा भार आणि बदलाचा वेग

प्रश्न असा होता: कॉन्झर्व्हेटिव्ह राजकीय विचारसरणीची मूलतत्त्वे कोणती, आणि ‘जुने ते सोने’ यापलीकडे ती काही सांगते का? पाठ्यपुस्तकात याची एक ठरलेली यादी असते. परंपरा, श्रेणी, अधिकार, खासगी मालमत्ता, धर्म, हळूहळू बदल. ती पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात. पण या सहा गोष्टी एका घरात का नांदतात, हे त्या यादीवरून कळत नाही. ते कळले नाही की वर्तमानपत्र वाचताना ही यादी कुठेच लागू पडत नाही.

आधी थेट उत्तर देतो. काय जपायचे याची कायमची यादी या विचाराकडे नाही. बदल कोणी करायचा, किती, कोणत्या वेगाने करायचा, आणि तो योग्य असल्याचे सिद्ध कोणी करायचे, याबद्दल मात्र त्याची ठाम मते आहेत. म्हणून ब्रिटनमधला कॉन्झर्व्हेटिव्ह राजघराणे जपतो आणि अमेरिकेतला राजाला हाकलून लिहिलेली राज्यघटना जपतो, तरी दोघे एकाच गोत्राचे ठरतात.

शब्दाचे एक लफडे सुरुवातीलाच मिटवू. मराठीत ‘पुराणमतवादी’, ‘सनातनी’, ‘रूढिवादी’ हे शब्द आपण वापरतो, पण त्यांत निवाडा आधीच देऊन टाकलेला असतो. ब्रिटनच्या पक्षाला आपली वर्तमानपत्रे ‘हुजूर पक्ष’ म्हणत आली. समोर ‘मजूर पक्ष’ असल्यामुळे यमकही जुळले. नाव खुमासदार आहे, पण दरबारी मुजऱ्याचा वास त्याला येतो. म्हणून विचारासाठी इथे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हाच शब्द ठेवतो. पक्ष म्हणायचा तिथे हुजूर पक्ष.

वहिवाट

या विचाराचा मूळपुरुष म्हणून एडमंड बर्कचे नाव घेतात. जन्म 1729, डब्लिन, मृत्यू 1797. गंमत अशी की तो हुजूर पक्षाचा नव्हताच, व्हिग (त्या काळचा विरोधी गट) होता, आणि स्वतःला त्याने कधी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटले नाही, कारण राजकीय अर्थाने तो शब्द 1818 नंतर फ्रान्समध्ये आणि 1830 च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुळला. अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींची त्याने बाजू घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर 1783 मध्ये पार्लमेंटात त्याने घणाघाती भाषण केले. कंपनीने राघोबादादा आणि पुण्याचा दरबार यांच्याशी केलेला दुटप्पी व्यवहारही त्याच्या आरोपांत होता. कंपनीचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग त्याने 1788 पासून 1795 पर्यंत चालवला आणि हरला. आणि 1790 मध्ये याच माणसाने फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिले.

ही कोलांटउडी आहे, असे त्याच्या मित्रांनाही वाटले. पण दोन्हीकडे धागा एकच होता. कंपनीने हिंदुस्थानातले चालत आलेले हक्क, करार, वतने पायदळी तुडवली. पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने फ्रान्समधली तशीच व्यवस्था पुसायला घेतली. त्याच्या मते दोघांचा गुन्हा एकच: लोकांच्या वहिवाटीला शून्य किंमत देणे.

‘वहिवाट’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. बर्कच्या विचारातली मध्यवर्ती कल्पना कायद्यातून आली आहे, आणि तिला मराठीत याहून नेमका शब्द नाही. शेतातून वीस वर्षे उघडपणे, अखंड, हक्काने कोणी जात असेल, तर कागद नसला तरी त्याला वाटेचा हक्क मिळतो. वाट अडवली तर तो तहसीलदाराकडे अर्ज करतो. ती वाट सुरुवातीला कोणाच्या परवानगीने पडली, हे कोणी विचारत बसत नाही. बर्कने हेच तत्त्व राज्याला लावले. कोणतीही सत्ता, कोणतीही मालमत्ता मुळापर्यंत खोदली तर खाली बहुधा दरोडा किंवा लढाईच सापडेल. वैधता मुळातून येत नाही. ती दीर्घ, निर्वेध वापरातून आणि त्यावर विसंबून लोकांनी रचलेल्या आयुष्यांतून येते.

याची ताकद तुमच्या लक्षात आली असेल. यातली खोट तितकीच मोठी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आपल्याला काय कळत नाही

दुसरा खांब म्हणजे माणसाच्या अपुरेपणाची जाणीव. इथे विद्यार्थी बहुतेक वेळा अर्धेच लिहितात: ‘माणूस स्वार्थी आहे, म्हणून शिस्त हवी.’ ही नैतिक बाजू झाली, आणि ती सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जमध्येही मिळते. कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराची खास बाजू ज्ञानाची आहे. एका पिढीतल्या हुशार माणसांच्या डोक्यात मावेल त्याहून समाजाची रचना गुंतागुंतीची असते, असे तो मानतो.

इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉट (1901–1990) याने हे सर्वांत नेटके मांडले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ज्ञान दोन जातींचे. एक नियमांत उतरवता येते, दुसरे फक्त करता करता अंगी येते. त्याचेही उदाहरण स्वयंपाकाचेच होते. आपल्याकडे पुरणपोळीचे घ्या. अर्धा किलो हरभरा डाळ, तितकाच गूळ, मळलेल्या कणकेला तेल, हे सगळे कागदावर येते. पण पुरण शिजले हे झारा उभा राहतो का यावरून ठरते, आणि कणीक किती सैल हवी हे बोटांना कळते. पाककृतीचे पुस्तक आधीपासून चाललेल्या स्वयंपाकातून निघते. पुस्तकातून स्वयंपाक निघत नाही. कोऱ्या कागदावर राज्य आखणारा माणूस हा क्रम उलटा करतो, ही ओकशॉटची तक्रार.

फ्रेंच क्रांतीने याची प्रयोगशाळाच उघडून दिली. देशाचे विभाग पाडताना मूळ योजना अठरा लीग (अंतराचे जुने माप) लांब आणि तितक्याच रुंद चौकोनांची होती. नदी, डोंगर, बोली, बाजारपेठ यांपैकी कशाचाच त्या पट्टीशी संबंध नव्हता. बर्कने तिची यथेच्छ टिंगल केली. प्रत्यक्षात 1790 मध्ये 83 विभाग झाले तेव्हा रेषा बऱ्याच वाकवाव्या लागल्या होत्या. 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आला. त्यात सातातला एक विसाव्याचा दिवस जाऊन दहातला एक उरला. शेतकरी, कारागीर, बायाबापड्या, कोणालाच ते पचले नाही, आणि 1 जानेवारी 1806 ला ते कॅलेंडर गुंडाळले गेले.

पण त्याच क्रांतीने, त्याच डोक्यांनी, मीटर आणि किलोग्रॅमही दिले. ते जगभर टिकले. हे उदाहरण कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक सहसा टाळतात, म्हणून आवर्जून देतो. फरक कशामुळे पडला? जुनी मापे गावागणिक वेगळी होती, आणि त्या गोंधळाचा फायदा मापणाऱ्याला मिळे, देणाऱ्याला नाही. तिथे वहिवाट लोकांच्या सोयीची नव्हतीच. तरीही 1812 मध्ये नेपोलियनला जुन्या मापांना पुन्हा वाट द्यावी लागली, आणि दशमान मापे सक्तीची झाली ती 1840 पासून. म्हणजे कल्पना क्रांतीची होती, पण ती रुजायला चार-पाच दशके लागली.

भारताने 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे केले, तेव्हा जुनी नाणी काही वर्षे सोबत चालू ठेवली. ‘नवे’ हा शब्द नाण्यावरून 1964 मध्ये गेला. आठ आणे तर लोकांच्या तोंडातून नाणे गेल्यावरही गेले नाहीत. पद्धत म्हणून पाहिली तर ही नमुनेदार कॉन्झर्व्हेटिव्ह अंमलबजावणी होती, करणारे सरकार समाजवादी असले तरी.

कुंपणाची परीक्षा

या दोन खांबांवरून एक रोज वापरता येणारा नियम निघतो. इंग्रज लेखक चेस्टरटन याने तो 1929 मध्ये कुंपणाच्या दाखल्याने सांगितला. रस्त्यात आडवे कुंपण दिसले. सुधारक म्हणतो, याचा उपयोग दिसत नाही, काढून टाका. शहाणा म्हणतो, उपयोग दिसत नसेल तर मी काढू देणार नाही. जा, ते कशासाठी घातले होते हे शोधून आण, मग बोलू.

यात कुंपण काढायला मनाई नाही. पुराव्याचा भार कोणावर आहे, एवढेच ठरते. चालू गोष्टीच्या बाजूने गृहीतक, बदल मागणाऱ्यावर सिद्धतेची जबाबदारी. फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष धरून चालतात, तसेच. आणि जसे तिथे आरोपी निर्दोष ‘असतो’ असे नव्हे, तसेच इथेही जुने ते चांगले ‘असते’ असे नव्हे. ‘जुने ते सोने’ आणि ‘जुने ते आरोप सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ या दोन विधानांतला फरक ज्याला धरता आला, त्याला अर्धा विषय कळला.

हुजूर पक्षाचा नेता रॉबर्ट पील याने हे तत्त्व राजकीय कार्यक्रमात कसे उतरवले ते पाहा. 1832 च्या सुधारणा कायद्याने मतदारसंघ आणि मताधिकार बदलले होते; त्याच्या पक्षाने त्याला विरोध केला होता. डिसेंबर 1834 मध्ये पंतप्रधान होताच त्याने टॅमवर्थ या आपल्या मतदारसंघासाठी जाहीरनामा काढला. त्यात तो कायदा अंतिम आणि न फिरणारा म्हणून स्वीकारला, आणि ‘सिद्ध झालेले’ गैरप्रकार व ‘खऱ्या’ तक्रारी दूर करण्याचे वचन दिले. जाहीरनाम्याचे सगळे वजन या दोन विशेषणांवर आहे. गैरप्रकार आहे एवढे म्हणून भागत नाही, तो सिद्ध हवा. आणि कालचा बदल आज स्थिर झाला असेल तर तो उलटवायलाही तोच भार लागू.

हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या विधेयकाविरुद्ध हुजूर पक्षाने 1946 मध्ये मते दिली. सेवा 1948 मध्ये सुरू झाली. 1951 मध्ये तोच पक्ष सत्तेवर आला, 1953 मध्ये तिच्या खर्चाची चौकशी करायला समिती नेमली, समितीने 1956 मध्ये उधळपट्टीचा पुरावा नसल्याचे सांगितले, आणि सेवा राहिली. याला तत्त्वशून्यता म्हणणे सोपे आहे. पण या विचाराच्या तर्कानुसार पक्षाला असेच वागणे भाग होते: आठ वर्षांत लाखो कुटुंबे त्या सेवेवर विसंबली होती, वहिवाट पडली होती. पक्षातल्या कडव्या गटाची तक्रारही याच तर्काविरुद्ध असते. डावे चार पावले टाकतात, आपण ती जागच्या जागी गोठवतो, मग ते आणखी चार टाकतात. मागे कोणी जातच नाही. ही तक्रार खोटी नाही.

बाकीची यादी

आता पाठ्यपुस्तकातल्या उरलेल्या गोष्टी भराभर बसवता येतात.

समाज यंत्र नाही, झाड आहे: कारण यंत्राचा भाग बदलता येतो, झाडाची मुळे उकरून पाहता येत नाहीत. बर्कने समाजाला हयात, गेलेल्या आणि अजून जन्मायच्या माणसांमधली भागीदारी म्हटले. यातले ‘जन्मायच्या’ हे टोक विसरू नये. जंगल, जमीन, सार्वजनिक कर्ज यांच्या वादात हाच कॉन्झर्व्हेटिव्ह युक्तिवाद पर्यावरणवादी आणि खर्चकपातवादी दोघेही उसना घेतात.

कुटुंब, गाव, देऊळ, चर्च, व्यवसायसंघ या मधल्या संस्थांना महत्त्व दिले जाते, कारण त्या नसल्या तर एकटा माणूस आणि बलाढ्य राज्य हे दोघेच समोरासमोर उरतात. अधिकार आणि श्रेणी यांचे समर्थनही मुळात इथूनच येते. ते सर्वांत चटकन स्वार्थाचे साधन बनते, हेही खरे.

मालमत्तेबद्दल थोडे थांबायला हवे, कारण इथे बाजारवाद्यांशी गल्लत होते. बाजारवादी मालमत्ता जपतो ती कार्यक्षमतेसाठी. कॉन्झर्व्हेटिव्ह जपतो ती मुळे धरतात म्हणून. घर असलेला माणूस गल्लीची काळजी घेतो, असा साधा हिशेब. 1923 मध्ये ब्रिटिश खासदार नोएल स्केल्टनने मालमत्ताधारकांच्या लोकशाहीची कल्पना मांडली. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने ती मोठ्या प्रमाणावर उतरवली: नगरपालिकेच्या घरात तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला 33 टक्के सवलतीत घर विकत, पुढे दर वर्षाला एक टक्का जास्त, कमाल 50. दशकभरात दहा लाखांहून अधिक घरे गेली. योजना लोकप्रिय ठरली. चूक वेगळीच झाली: विकलेल्या घरांच्या जागी नवी भाड्याची घरे पुरेशी बांधली गेली नाहीत. ज्याला घर मिळाले त्याने मुळे धरली. पुढच्या पिढीला मात्र ना विकत ना भाड्याने. भागीदारीतला तिसरा भागीदार हिशेबातून सुटला.

स्वतःचाच नियम मोडला तर: पोल टॅक्स

या विचाराची कसोटी कशी लावायची याचा सर्वांत चांगला धडा एका हुजूर सरकारच्याच अपयशात आहे.

ब्रिटनमध्ये स्थानिक कर घराच्या मूल्यावर होता. त्याची परंपरा 1601 च्या गरिबांच्या कायद्यापर्यंत मागे जाते. कर कोणालाच आवडत नव्हता. एकटी विधवा मोठ्या घरात राहिली तर जास्त भरे, शेजारी चार कमावते लहान घरात राहिले तर कमी. तक्रार खरी होती. पीलची ती अट पूर्ण होत होती. 1986 च्या प्रस्तावात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने उपाय काढला: घरावर नाही, प्रत्येक प्रौढ माणशी सारखा कर. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांचा विरोध होता. तो बाजूला पडला.

आता कुंपणाची परीक्षा घ्या. घरपट्टी घरावर का होती? घर पळून जात नाही, म्हणून. ते दिसते, मोजता येते, कोणाच्या नावावर आहे ते कळते. माणसे घर बदलतात. माणशी कर लावताच नोंदवही हे मोठे काम झाले. मोठ्या शहरांत भाडेकरू सतत फिरते, आणि कर चुकवायला काहींनी मतदार यादीतूनही नाव काढून घेतले. दुसरे, सर्वांत गरिबांना आणि विद्यार्थ्यांनाही किमान 20 टक्के भरावेच लागत. तत्त्व होते की प्रत्येकाला खर्चाची झळ लागली पाहिजे. प्रत्यक्षात लाखो लहान रकमांची बिले, आणि वसुलीचा खर्च रकमेशी स्पर्धा करणारा.

तिसरी चूक वेगाची. मूळ आराखड्यात जुना आणि नवा कर काही वर्षे बरोबरीने चालवून हळूहळू एकातून दुसऱ्यात जायची सोय होती. 1987 च्या पक्ष अधिवेशनानंतर ती काढून टाकली. एकदमच करून टाकू, असा सूर लागला. स्कॉटलंडमध्ये कर एप्रिल 1989 मध्ये, एक वर्ष आधी सुरू झाला. हा प्रयोग होता असे काही जण समजतात. पण इंग्लंड आणि वेल्सचा कायदा 1988 मध्येच मंजूर होऊन बसला होता. निकाल हाती येण्याआधीच उत्तर छापलेले असेल तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत.

चौथी, इतिहासाची. त्याच देशात 1381 मध्ये माणशी करावरून शेतकऱ्यांचे बंड झाले होते. वहिवाटीचा आदर सांगणाऱ्या पक्षाला हे आठवले नाही, यावर काय बोलावे. लोकांनी ‘पोल टॅक्स’ हे जुने नाव नव्या कराला चिकटवले आणि ते सुटले नाही. 31 मार्च 1990 ला लंडनमध्ये दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये थॅचर पंतप्रधानपदावरून गेल्या. मार्च 1991 मध्ये बिले प्रत्येकी 140 पौंडांनी कमी करायला मूल्यवर्धित कर 15 वरून 17.5 टक्के केला. 1993 पासून कर पुन्हा घराशी जोडला गेला. साडेतीनशे-चारशे वर्षांचे कुंपण काढले, आणि चार वर्षांत जवळजवळ त्याच जागी पुन्हा घातले.

कोणताही प्रस्ताव या नजरेने तपासायचा असेल तर हे चार सांधे चाचपावे: जुन्या सोयीचा न दिसणारा उपयोग, खरी तक्रार आणि तिच्यावरचा उपाय यांचे माप जुळते का, परतीची वाट आहे का, आणि चुकीची खबर वेळेत कळेल अशी रचना आहे का. तिसरा सांधा बहुधा आधी निखळतो.

शेजारी, पण सख्खे नाहीत

प्रतिगामी वेगळा. गेलेला सुवर्णकाळ परत आणायचा म्हणणारा माणूस चालू वहिवाट मोडायलाच निघालेला असतो. फ्रेंच भाषेत लिहिणारा जोसेफ द मेस्त्र (1753–1821) या बाजूचा. आपल्याकडे याला सर्वांत धारदार उत्तर न्यायमूर्ती रानड्यांनी 1897 च्या अमरावतीच्या भाषणात दिले. पुनरुज्जीवन करायचे तर नेमक्या कशाचे? बारा प्रकारच्या पुत्रांचे? आठ प्रकारच्या विवाहांचे? नियोगाचे? भूतकाळ एक नसतो, अनेक असतात, आणि निवडणारा आजचाच असतो. त्याच रानड्यांचे दुसरे म्हणणे असे की सुधारकाला कोऱ्या पाटीवर लिहायचे नसते. अर्धे लिहिलेले वाक्य पुरे करायचे असते. महाराष्ट्रात बर्कच्या पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस सनातन्यांत नव्हे, सुधारकांत सापडतो.

मग 1891 च्या संमतिवयाच्या वादातले टिळक? कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. टिळकांचा भर परक्या सरकारला हा अधिकार आहे का यावर होता. सुधारणा समाजाने आतून करावी. युक्तिवादाचा साचा कॉन्झर्व्हेटिव्ह खराच. पण आतून होणारी सुधारणा किती पिढ्यांनी होणार, आणि तोवर दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे काय, हा आगरकरांच्या बाजूचा प्रश्न त्या साच्यात मावत नाही.

बाजारवादी वेगळा, अर्थतज्ज्ञ हायेकने 1960 मध्ये आपण कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही हे सविस्तर सांगितले. बाजार जुन्या पेठा, धंदे, गावे मोडतो, आणि ते त्याला चालते. इंग्लंडमध्ये 1846 ला पीलने धान्यावरची आयात जकात उठवली तेव्हा पक्ष याच रेषेवर दुभंगला, आणि पुढे 1874 पर्यंत त्याला पार्लमेंटात स्वतःचे बहुमत मिळाले नाही. भारतात 1959 चा स्वतंत्र पक्ष हे दोन्ही प्रवाह एकत्र बांधायचा प्रयत्न होता. निमित्त झाले काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातल्या सहकारी शेतीच्या ठरावाचे. राजाजी, रंगा, मुंबईचे मिनू मसानी, कन्हैयालाल मुन्शी, जोडीला संस्थानिक. लोकसभेत 1962 मध्ये 18 जागा, 1967 मध्ये 44, आणि 1974 मध्ये पक्ष विलीन. उद्योजकाला परवाने नको होते, संस्थानिकाला तनखा हवा होता. दोघांना एका तंबूत ठेवणारी गोष्ट विरोध हीच होती.

आणि राष्ट्रवादी वेगळा. राष्ट्रवाद एकसारखेपणा मागतो. मधल्या, वाकड्यातिकड्या, स्थानिक संस्था त्याला अडचणीच्या वाटतात. दोघांची युती होते, नेहमीच. युती म्हणजे नाते नव्हे.

खोट कुठे आहे

क्रांतीचा समर्थक लेखक टॉमस पेन याने 1791 मध्ये बर्कला दिलेले उत्तर अजून चालते: मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करायचा अधिकार कोणी दिला? बर्क पिसाऱ्यासाठी हळहळतो आणि मरणारा पक्षी विसरतो, हा त्याचा टोमणा. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने तर 1790 मध्येच उत्तर छापले होते.

पण खरी अडचण कुंपणाच्या परीक्षेतच आहे. कुंपण कशासाठी घातले, हे कोण सांगणार? परीक्षा गृहीत धरते की उत्तर शोधले की एखादा विसरलेला शहाणपणा सापडेल. महार वतनाचे उदाहरण घ्या. शतकांची वहिवाट होती, तीही लेखी. थोडी जमीन, थोडे बलुते, आणि बदल्यात दिवसरात्र सरकारी आणि गावकीची बिनमोल कामे. तिचा उपयोग काय, हे शोधायला कोणाला लांब जावे लागत नव्हते. महारवाड्यातल्या प्रत्येक घराला तो ठाऊक होता. कुंपण अगदी ठरल्याप्रमाणे काम करत होते. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने रद्द व्हायला 1958 चा कायदा उजाडावा लागला. पुराव्याचा भार बदल मागणाऱ्यावर टाकला की तो सर्वांत कमी साधने असलेल्याच्या डोक्यावर पडतो, आणि निवाडा करणारे कुंपणाच्या आतले असतात.

स्थिर अपेक्षांचा आदर किती महाग पडतो, याचा आकडाही उपलब्ध आहे. ब्रिटनने 1833 च्या कायद्याने वसाहतींतली गुलामगिरी संपवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. मालकांना. गुलामांना काही नाही. उलट त्यांच्यावर ‘उमेदवारी’ची सक्तीची मजुरी लादली, जी 1838 मध्ये संपली. ते सरकार व्हिगांचे होते, पण पद्धत हीच: धक्का न देता, हक्कदारांची समजूत घालून.

याला प्रामाणिक कॉन्झर्व्हेटिव्हाचे उत्तर असे की हळू बदल टिकतो, आणि क्रांतीत पहिले मरतात ते गरीबच. काही ठिकाणी ते खरे आहे. सगळीकडे नाही, आणि कुठे खरे आहे ते आधी सांगणारे सूत्र या विचाराकडे नाही. तो अनुभवाने निवाडा करा म्हणतो, पण अनुभव कोणाचा हा प्रश्न उघडाच राहतो.

दोन्ही पद्धती एकाच दस्तऐवजात पाहायच्या असतील तर भारताची राज्यघटना वाचा. तिचे प्रशासकीय यंत्र बव्हंशी ब्रिटिशांनी केलेल्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातून उचलले आहे: राज्यपाल, विषयांच्या याद्या, नोकरशाहीची चौकट. यावर उसनवारीची टीका झाली, पण चालत्या गाड्याची चाके कोणी मध्येच बदलत नाही, हा विचार त्यामागे होता. मताधिकार मात्र एका फटक्यात सर्व प्रौढांना दिला. ब्रिटनला तिथे पोहोचायला 1832, 1867, 1884, 1918 आणि 1928 असे पाच कायदे आणि शहाण्णव वर्षे लागली. आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या कलमात ना संक्रमणकाळ आहे, ना भरपाई, ना जुन्या वहिवाटीला कुठली मुभा.